दुसऱ्या समीकरणात ताळा करा

दोन चलांची दोन समीकरणं सोडवायची रीत येत नाही असं दहावीतलं पोरगं शोधून सापडायचं नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतं, "एक चल घालवायचं, दुसरं काढायचं, मग परत ठेवायचं." तरी उत्तर चुकतं. बहुतेक वेळा ते दोनच जागी चुकतं: वजाबाकीच्या ओळीत, नाहीतर उणे चिन्हामागचा कंस सोडवताना. शाब्दिक उदाहरणात तिसरी जागा असते, पण तिथे बीजगणित नाही, वाचन चुकलेलं असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात त्यात आणखी एक भानगड आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकाची दहावी) देणाऱ्या मुलाच्या हातात कर्नाटकाचं, एनसीईआरटीच्या आराखड्यावरचं पुस्तक असतं. चंदगडचा त्याचा मावसभाऊ महाराष्ट्र बोर्डाचं गणित भाग १ शिकत असतो. धडा एकच, पण एकाकडे गुणोत्तरांची तुलना असते, दुसऱ्याकडे निश्चयक. एकजण सगळी पदं डावीकडे आणून उजवीकडे शून्य लिहितो, दुसरा स्थिरपद (चल नसलेली संख्या) उजवीकडे ठेवतो. गणपतीच्या सुट्टीत वह्या एकत्र आल्या की एकाचं सूत्र दुसऱ्याच्या मांडणीत घुसतं आणि चिन्हं उलटतात. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. पुस्तकांत चलांसाठी रोमन अक्षरं असतात, इथे जुन्या मराठी वहिवाटीप्रमाणे क्ष आणि य लिहिले आहेत.

आधी एक सरळ उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे आहेत, बाजारभाव नव्हेत. कुंदा आणि करदंट या दोन मिठाया. कुंद्याचे ३ डबे आणि करदंटाचे २ डबे मिळून ७६० रुपये झाले. कुंद्याचे २ आणि करदंटाचे ५ मिळून १०२० झाले. कुंद्याच्या एका डब्याची किंमत क्ष रुपये आणि करदंटाच्या डब्याची य रुपये मानू.

३क्ष + २य = ७६० … (१)
२क्ष + ५य = १०२० … (२)

"क्ष म्हणजे कुंदा" असं लिहू नका, "क्ष म्हणजे कुंद्याच्या एका डब्याची किंमत, रुपयांत" असं पूर्ण लिहा. वेळखाऊ वाटतं, पण निम्मी शाब्दिक उदाहरणं याच ओळीत सुटतात. क्ष ही वस्तू नव्हे, संख्या आहे हे एकदा लिहून ठेवलं की पुढे "३ कुंदे" असला गोंधळ होत नाही.

आता य घालवू. (१) ला ५ ने आणि (२) ला २ ने गुणायचं:

१५क्ष + १०य = ३८०० … (३)
४क्ष + १०य = २०४० … (४)

(३) मधून (४) वजा केलं की ११क्ष = १७६०, म्हणून क्ष = १६०. ही किंमत (१) मध्ये ठेवली की ४८० + २य = ७६०, म्हणून य = १४०. ताळा (२) मध्ये: ३२० + ७०० = १०२०. जुळलं.

इथे ताळा (२) मध्ये का घेतला, (१) मध्ये का नाही? या एका प्रश्नाचं उत्तर पक्कं डोक्यात बसलं तर या धड्यातले बरेचसे गुण वाचतात. त्यासाठी मुद्दाम चुकीचं सोडवलेलं एक उदाहरण बघू.

४क्ष − ३य = १७ … (१)
४क्ष + ५य = −७ … (२)

क्ष चे सहगुणक (त्याच्या आधीचे आकडे) सारखे आहेत, म्हणजे वजाबाकी करायची. वहीत हमखास दिसणारी मांडणी अशी: ४क्ष गेलं, −३य आणि +५य मिळून २य, उजवीकडे १७ आणि −७ मिळून १०. म्हणून २य = १०, य = ५. मग (१) मध्ये ठेवलं: ४क्ष − १५ = १७, म्हणून क्ष = ८. ताळाही केला, (१) मध्ये: ३२ − १५ = १७. जुळलं! पोरगं खूश, खाली दोन रेघा.

उत्तर सपशेल चुकलं आहे. (२) मध्ये ठेवून बघा: ३२ + २५ = ५७, हवं होतं −७.

क्ष ची किंमत (१) मधूनच काढली असल्यामुळे (१) मध्ये ती जुळणारच. य ५ असो, ५०० असो, कितीही चुकीचा असो, (१) जुळतंच. अशा ताळ्याने फार तर शेवटची बेरीज-वजाबाकी तपासली जाते, लोपाची, म्हणजे चल घालवायची, ओळ तपासली जात नाही. म्हणून ज्या समीकरणात किंमत ठेवून दुसरं चल काढलं ते सोडून दुसऱ्यात ताळा घ्यायचा. तोही मूळ समीकरणात, गुणून तयार केलेल्या (३) किंवा (४) मध्ये नाही. गुणतानाच चूक झाली असेल तर गुणलेलं समीकरण त्या चुकीसकट जुळतं.

वरच्या उदाहरणात खरं काय व्हायला हवं होतं ते बघू. (१) मधून (२) वजा म्हणजे (२) मधल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायचं, उजवीकडच्यासुद्धा:

४क्ष − ३य = १७
−४क्ष − ५य = ७

बेरीज: −८य = २४, य = −३. मग ४क्ष + ९ = १७, क्ष = २. ताळा (२) मध्ये: ८ − १५ = −७. बरोबर.

दुसऱ्या ओळीच्या खाली छोटी छोटी चिन्हं लिहून वजाबाकी करायची पद्धत फळ्यावर ठीक दिसते. वहीत ती घातक ठरते. डावीकडची दोन चिन्हं बदलली जातात आणि उजवीकडचं राहून जातं. या उदाहरणात तसं झालं तर −८य = १७ − ७ = १०, य = −५/४ आणि क्ष = ५३/१६ येतो. असला अपूर्णांक आला की थांबा. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सहसा सुटसुटीत उत्तरांची असतात. सोळाचा छेद म्हणजे चूक झालीच असं नाही, पण वरची ओळ पुन्हा तपासायला तेवढं कारण पुरे.

माझं मत विचाराल तर वजाबाकी करूच नये. एका समीकरणाला उणे संख्येने गुणून ते पूर्ण, नव्या ओळीत लिहावं आणि बेरीज करावी. एक ओळ वाढते. पेपरात एका ओळीला अर्धा मिनिटही लागत नाही आणि चिन्हाची चूक जवळजवळ संपते.

कुठलं चल घालवायचं हेही डोळे उघडे ठेवून ठरवावं. सवयीने सगळे क्ष घालवतात. हे बघा:

५क्ष + ६य = २८
७क्ष − ४य = २

क्ष घालवायचा तर ७ ने आणि ५ ने गुणा, ३५ चे आकडे सांभाळा, वर वजाबाकी करा. य ची चिन्हं मात्र आधीच विरुद्ध आहेत आणि ६ व ४ चा लसावि १२ आहे. पहिल्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने गुणलं की १०क्ष + १२य = ५६ आणि २१क्ष − १२य = ६. बेरीज ३१क्ष = ६२, क्ष = २, य = ३. लसावि न बघता ४ ने आणि ६ ने गुणलं तरी उत्तर तेच येतं, फक्त ६२क्ष = १२४ असं जड होऊन येतं. विरुद्ध चिन्हांचं चल आधी बघावं, ते नसेल तर लहान लसावि असलेलं.

गुणताना उजवी बाजू विसरणं ही आणखी एक जुनी खोड. १०क्ष + १२य = २८ असं लिहिलेलं प्रत्येक वर्गात कुणाच्या तरी वहीत सापडतं. गुणायच्या संख्येभोवती गोल करून तिच्यापासून तिन्ही पदांना बाण काढायला लावले की थोड्या दिवसांत ती खोड जाते.

छेद किंवा दशांश असतील तर लोपाच्या आधी ते घालवावेत. क्ष/३ + य/४ = ४ ला १२ ने गुणलं की ४क्ष + ३य = ४८ होतं, ४क्ष + ३य = ४ नव्हे. ०.३क्ष + ०.५य = ३.१ आणि ०.७क्ष − ०.२य = ०.४ ही जोडी १० ने गुणून ३क्ष + ५य = ३१ आणि ७क्ष − २य = ४ करून घ्या. पुढचं सोडवून बघा, क्ष = २ आणि य = ५ यायला हवं.

किंमत ठेवायची पद्धत

एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ असेल तरच आदेश पद्धत वापरावी. एरवी सुरुवातीलाच अपूर्णांक येतात आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत.

य = २क्ष − ७
५क्ष − ३य = १६

५क्ष − ३(२क्ष − ७) = १६. कंस न सोडवता ही ओळ आधी जशीच्या तशी लिहायची. मग ५क्ष − ६क्ष + २१ = १६, −क्ष = −५, क्ष = ५, य = ३. चुका दोन प्रकारच्या होतात. −३ ने फक्त पहिलं पद गुणलं की ५क्ष − ६क्ष − ७ = १६ होऊन क्ष = −२३ येतो. दोन्ही पदं गुणली पण उणे गुणिले उणे विसरलं की −२१ होऊन क्ष = −३७. कंस मनातल्या मनात सोडवणाऱ्यांना दोन्हीपैकी एक ठरलेलं.

यात आणखी एक सापळा आहे. ज्या समीकरणातून य ची किंमत काढली त्याच समीकरणात ती ठेवली तर ७ = ७ किंवा ० = ० असं काहीतरी येतं. मग "अनंत उकली" असं लिहून मोकळं होता येतं आणि बरेचजण होतात. पहिल्यातून काढलेली किंमत दुसऱ्यातच ठेवायची. वह्यांमधल्या "अनंत उकलीं"पैकी पुष्कळ अशाच असतात.

कवठं आणि महाळुंगं

सहगुणक अदलाबदल होऊन आले असतील तर वरच्या सगळ्या खटाटोपाची गरज नसते. याचं एक उदाहरण आपल्याच कर्नाटकात फार जुनं आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त असं उदाहरण आहे: ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची मिळून किंमत १०७, आणि ७ महाळुंगं व ९ कवठं यांची १०१. एकेकाची किंमत किती?

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

लोप पद्धतीने गेलात तर ७ ने आणि ९ ने गुणून ७४९ आणि ९०९ असे आकडे येतील. त्यापेक्षा आधी बेरीज करा: १६क्ष + १६य = २०८, म्हणून क्ष + य = १३. मग वजाबाकी: २क्ष − २य = ६, म्हणून क्ष − य = ३. या दोन्हींची बेरीज २क्ष = १६. महाळुंग ८ ला आणि कवठ ५ ला. अकराशेहून जास्त वर्षांपूर्वीचं गणित आजच्या पेपरात आकडे बदलून येतं, आणि अदलाबदल ओळखणाऱ्याचं ते चार ओळींत सुटतं. ९९ आणि १०१ असे सहगुणक दिसले की हीच युक्ती वापरायची.

दोन माहिती, पण खरोखर दोन

दोन अज्ञातं काढायला दोन समीकरणं लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ती दोन्ही स्वतंत्र हवीत, हे राहून जातं. एक दोन अंकी संख्या घ्या, दशकस्थानी क्ष, एककस्थानी य. संख्या १०क्ष + य, उलटी केली की १०य + क्ष. दोन्हींची बेरीज ९९ आहे असं सांगितलं तर ११क्ष + ११य = ९९, म्हणजे क्ष + य = ९. आता दुसरी माहिती म्हणून "अंकांची बेरीज ९ आहे" एवढंच दिलं, तर ती दुसरी माहिती नव्हेच, पहिलीच वेगळ्या कपड्यात आली आहे. १८, २७, ३६, सगळ्या चालतील. उदाहरण स्वतः तयार करणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर तपासावं. उलट, "दोन्हींतला फरक २७" असं असेल तर क्ष − य = ३ मिळतं, पण मूळ संख्या मोठी की उलटी मोठी हे सांगितलेलं नसेल तर दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही लिहावी लागतात.

बसच्या तिकिटाचंही तसंच. "२ पूर्ण आणि ३ अर्धी तिकिटं मिळून इतके रुपये" एवढं एकच वाक्य पुरतं, कारण अर्धं तिकीट पूर्णाच्या निम्मं हे न सांगता दिलेलं दुसरं समीकरण आहे. (२ पुरुष आणि ३ बायका असं जुन्या धर्तीचं उदाहरण कर्नाटकात आता जपून घालावं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये शून्य तिकीट आहे. एखादं हुशार पोरगं एका चलाची किंमत शून्य धरून एकाच समीकरणात उत्तर काढून देईल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.)

वयाच्या उदाहरणात चूक एकाच ठिकाणी होते. ४ वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या ५ पट होतं, ३ वर्षांनी ते ३ पट होईल. आजची वयं वडिलांचं क्ष, मुलीचं य.

क्ष − ४ = ५(य − ४), म्हणजे क्ष − ५य = −१६
क्ष + ३ = ३(य + ३), म्हणजे क्ष − ३य = ६

सोडवलं की य = ११, क्ष = ३९. पण क्ष − ४ = ५य आणि क्ष + ३ = ३य असं लिहिणारे पुष्कळ. वडील चार वर्षांनी लहान केले, मुलगी आहे तिथेच ठेवली. मग य = −३.५ येतं. मुलगी जन्मायच्या साडेतीन वर्षं आधीच शाळेत! अशा उदाहरणांत ताळा समीकरणात घेऊन भागत नाही, कारण समीकरणच चुकीचं असतं. ताळा उदाहरणाच्या वाक्यांत घ्यायचा: चार वर्षांपूर्वी ३५ आणि ७, पाच पट, बरोबर. तीन वर्षांनी ४२ आणि १४, तीन पट, बरोबर.

नावेचं गणित थोडक्यात. कृष्णेत नाव प्रवाहाबरोबर २४ किमी २ तासांत गेली आणि तेवढंच अंतर उलटं ३ तासांत आली. आधी वेग काढून घ्या: १२ आणि ८. मग क्ष + य = १२, क्ष − य = ८. नावेचा वेग ताशी १० किमी, प्रवाहाचा २. अंतर, वेळ आणि वेग एकाच समीकरणात कोंबायला जाऊ नये.

एसएसएलसीचं गुणोत्तर, महाराष्ट्राचा निश्चयक

एसएसएलसीच्या पुस्तकात अ१क्ष + ब१य + क१ = ० अशी मांडणी असते आणि अ१/अ२, ब१/ब२, क१/क२ यांची तुलना. पहिली दोन गुणोत्तरं वेगळी असतील तर रेषा एका बिंदूत छेदतात. पहिली दोन सारखी आणि तिसरं वेगळं असेल तर रेषा समांतर, उकल नाही. तिन्ही सारखी असतील तर रेषा एकमेकींवर, अनंत उकली. तुलना करण्याआधी दोन्ही समीकरणं एकाच रूपात आणणं मात्र आवश्यक. २क्ष + ३य − ८ = ० आणि ४क्ष + ६य = १६ अशी जोडी आली आणि क१ = −८, क२ = १६ घेतलं तर तिसरं गुणोत्तर −१/२ येतं आणि उत्तर "उकल नाही". खरं तर दुसरं समीकरण पहिल्याची दुप्पट आहे, उकली अनंत.

या भागातला सर्वांत फसवा प्रश्न अज्ञात सहगुणकाचा.

मक्ष + ४य = ८
९क्ष + मय = १२

म ची कोणती किंमत असेल तर उकल नसेल? म/९ = ४/म, म्हणून म² = ३६ आणि म = ६ किंवा −६. इथे थांबून "म = ±६" लिहिलं की गुण गेले. तिसरं गुणोत्तर दोन्ही किमतींसाठी वेगवेगळं तपासायला हवं. म = ६ घेतला तर ६/९, ४/६ आणि ८/१२ ही तिन्ही २/३, म्हणजे अनंत उकली. म = −६ घेतला तर पहिली दोन −२/३ आणि तिसरं २/३. उकल नाही ती फक्त −६ साठी.

चंदगडच्या मावसभावाकडे यासाठी निश्चयक असतो. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने १७५० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. समीकरणं अक्ष + बय = क या रूपात, म्हणजे स्थिरपद उजवीकडे. मुख्य निश्चयक अ१ब२ − अ२ब१. क्ष चा निश्चयक काढताना अ च्या जागी क घालायचा: क१ब२ − क२ब१. य चा काढताना ब च्या जागी: अ१क२ − अ२क१. मघाचंच उदाहरण, ४क्ष − ३य = १७ आणि ४क्ष + ५य = −७:

मुख्य: ४×५ − ४×(−३) = ३२
क्ष चा: १७×५ − (−७)×(−३) = ८५ − २१ = ६४
य चा: ४×(−७) − ४×१७ = −२८ − ६८ = −९६

क्ष = ६४/३२ = २, य = −९६/३२ = −३. उणे संख्या कंसात लिहिल्या नाहीत तर मधल्या ओळीत २१ मिळवले जातात आणि १०६ येतात.

सीमेवरच्या वहीतला घोळ इथे होतो. एसएसएलसीच्या मांडणीतून क१ = −१७ आणि क२ = ७ उचलले आणि महाराष्ट्राच्या सूत्रात घातले, तर मुख्य निश्चयक तसाच राहतो आणि बाकीच्या दोघांची चिन्हं उलटतात. उत्तर येतं क्ष = −२, य = ३. दोन्ही आकडे बरोबर, दोन्ही चिन्हं उलटी. असं दिसलं की शोधाशोध करत बसू नका, स्थिरपद कुठल्या बाजूचं घेतलं तेवढं बघा. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तिरकस गुणाकाराची पद्धत होती, ती आता वगळली आहे. जुनी गाईडं घरात असतील तर तिथून सूत्र उचलताना हेच लक्षात ठेवायचं.

मुख्य निश्चयक शून्य आला तर भागाकार करायचा नाही. रेषा समांतर आहेत की एकमेकींवर आहेत, ते इतर दोन निश्चयक सांगतात: तेही दोन्ही शून्य असतील तर अनंत उकली, नसतील तर उकल नाही.

आलेख

प्रत्येक रेषेसाठी दोन बिंदू पुरतात, पण तीन घ्यावेत. तिसरा बिंदू रेषेत आला नाही तर किंमत काढताना चूक आहे हे तिथल्या तिथे कळतं. बिंदू पूर्णांकी निवडा. क्ष + २य = ८ साठी क्ष = १ घेतला तर य = ३.५, पेपरावर अर्ध्या चौकोनात शोधत बसावं लागतं. क्ष = ०, २, ८ घ्या: (०, ४), (२, ३), (८, ०). २क्ष − य = ६ साठी (०, −६), (३, ०), (५, ४). छेदनबिंदू (४, २). बिंदू जवळजवळ घेऊ नयेत. दोन सेंटिमीटरवरच्या दोन ठिपक्यांतून ओढलेली रेषा दहा सेंटिमीटरवर बरीच हलते. दोन्ही अक्षांवर प्रमाण लिहा, रेषांवर त्यांची समीकरणं लिहा, आणि य चा अक्ष −६ पर्यंत जाणार आहे हे बघून मगच आदिबिंदू ठरवा. पेपराच्या तळाशी आदिबिंदू घेतला तर रेषा कागदाबाहेर जाते आणि सगळं पुन्हा काढावं लागतं.

आलेखातूनच एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी लोप पद्धतीत लपते. दोन रेषा जवळजवळ समांतर असल्या तर छेदनबिंदू कुठे आहे ते नीट सांगताच येत नाही. पेन्सिलीची जाडीच अर्धा सेंटिमीटर खाऊन टाकते. आकड्यांतही तसंच होतं. कुंदा आणि करदंटाच्या पहिल्या जोडीत दुसऱ्या बिलावर दुकानदाराने १० रुपये सोडले असं समजा. २क्ष + ५य = १०१० झालं, मुख्य निश्चयक ११. क्ष सुमारे १६१.८२ येतो आणि य सुमारे १३७.२७. खऱ्या किमतींपासून दोन-तीन रुपयांचा फरक.

आता दुसरं बिल वेगळं घ्या: ७ कुंदा, ५ करदंट, मिळून १८२०. पहिल्या ३ आणि २ च्या बिलाशी याचं प्रमाण फार जवळचं आहे, मुख्य निश्चयक १५ − १४ = १. इथेही दहाच रुपये सोडले, ७क्ष + ५य = १८१०. क्ष = ३८०० − ३६२० = १८०, य = ५४३० − ५३२० = ११०. कुंदा वीस रुपयांनी महाग, करदंट तीस रुपयांनी स्वस्त! गणितात चूक नाही, ताळाही जुळतो. चुकलेले दहा रुपये ११ ने भागले जातात की १ ने, एवढाच फरक. बिलांवरून, वजनांवरून किंवा मोजमापांवरून अशी किंमत खरोखर काढायची असेल तर एक बिल कुंदा जास्त असलेलं आणि दुसरं करदंट जास्त असलेलं घ्या, आणि आकडेमोड सुरू करायच्या आधी मुख्य निश्चयक काढून बघा.